फटीतले तीळ

ब्रेमेन,
फेब्रुवारीचा दुसरा आठवडा

तुला,

मायना काय लिहावा यावर पाच मिनिटं घालवली. 'प्रिय' लिहिलं तर तू म्हणणार, बँकेचं पत्र आहे का? 'सप्रेम नमस्कार' लिहिलं तर म्हणणार, आमंत्रण कुणाच्या मुंजीचं? म्हणून नुसतं 'तुला'. तुझं पत्र येऊन चार महिने झाले आणि उत्तर आत्ता जातंय, त्याबद्दल जे काय बोलायचं असेल ते बोलून घे. मी खाली मान घालून ऐकतेय.

झालं? आता तुला सांगते, आमच्या घराला फटी पडल्यात.

भिंतींना नाही गं, जमिनीला. संक्रांतीच्या आदल्या रात्री तीळ भाजून परातीत गार करायला ठेवले होते. परात ठेवली कुठे, तर स्टुलावर. (गप्प बस. मला माहितेय.) लेक धावत आली, स्टूल हललं आणि पाव किलो तीळ बैठकीभर झाले. आपल्याकडच्या फरशीवर केरसुणी फिरवली असती की संपलं. इथे सुपली घेऊन ओणवी झाले, तर निम्मे तीळ गायब. नीट बघितलं तर प्रत्येक दोन फळ्यांच्या मध्ये तीळ रांगेत जाऊन बसलेले, शाळेत प्रार्थनेला पोरं बसतात ना, तसे. लेक म्हणाली, "आई, जमिनीने तीळ खाल्ले." नवऱ्याने लगेच बँकेचं कार्ड काढून फटीत घातलं. आरामात गेलं. एका ठिकाणी तर एक सेंटचं नाणंही उभं राहिलं. मग हा माणूस तासभर घरातल्या फटी मोजत हिंडला आणि तिळाच्या वड्या मी एकटीने थापल्या, हे वेगळं सांगायला नकोच.

आणि हीच जमीन ऑगस्टमध्ये अशी सलग होती, की दोन फळ्यांमधून कागद जाऊ नये.

तुला आमचं घर फोटोतच माहीत. शंभरी ओलांडलेलं जुनं ब्रेमेनी घर, अरुंद आणि उंच, खाली अर्धं जमिनीत गेलेलं तळघर. आम्ही मधल्या मजल्यावर. मूळच्या पाइनच्या फळ्या जाऊन मध्ये कधीतरी कुणीतरी ओकच्या घातल्या. घर बघायला आलो तेव्हा मी फक्त ती जमीन बघितली आणि हो म्हणून टाकलं. न्हाणीघर केवढंसं आहे ते सामान आल्यावर कळलं. तू असतीस तर आधी नळ सोडून बघितले असतेस.

आता तू विचारणार, ब्रेमेनला तर बारा महिने पाऊस म्हणतेस, मग लाकूड फुगायला हवं, आक्रसतं कसं? मलाही तेच वाटत होतं. बाहेर झिमझिम, खिडकीबाहेर काळी ओली झाडं, आणि घरात आपलं कातडं भाकरीच्या पापुद्र्यासारखं सुटतंय. गोम अशी आहे की हवा किती पाणी धरणार हे तिच्या उबेवर ठरतं. शून्य अंशाची हवा घनमीटरमागे जेमतेम ५ ग्रॅम वाफ धरू शकते, २० अंशांची हवा १७ ग्रॅमच्या वर. म्हणजे बाहेरची चिंब वाटणारी हवा खिडकीतून आत आली आणि हीटरने तापली, की तिच्यातलं पाणी आहे तेवढंच राहतं, पण भूक साडेतीन पट वाढते. आर्द्रता येते २८ टक्क्यांवर. मग ती वखवखलेली हवा घरभर फिरते आणि मिळेल तिथून पाणी ओढते. माझ्या ओठांतून, तुळशीच्या कुंडीतून, लेकीच्या नाकातून आणि पायाखालच्या ओकमधून. बाहेर आषाढ आणि घरात जैसलमेर.

लाकडाचं तुला सांगते, झाड मेलं तरी त्याची पाण्याची सवय सुटत नाही. त्याच्या पेशींच्या भिंती हवेतलं पाणी पितात आणि जाड होतात, पाणी गेलं की आकसतात. घरातली आर्द्रता ६० टक्के असेल तर लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या ११ टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलेलं असतं. आर्द्रता ३५वर उतरली की ते सातवर येतं. एवढ्याने १२ सेंटीमीटर रुंदीची ओकची फळी सव्वा ते दीड मिलिमीटर अरुंद होते. चार मीटर रुंदीच्या खोलीत अशा तेहतीस फळ्या, गुणाकार तू कर, बोर्डाला गणितात माझ्यापेक्षा दोन मार्क जास्त पडल्याचं अजून सांगत असतेस म्हणून. आणि हे सगळं फक्त आडवं बरं का! लांबीत फरक जवळजवळ नाहीच. आपल्या दोघींसारखं. चाळिशीनंतर वाढायचं ते रुंदीतच.

ही सगळी विद्या मला तीन गुरूंनी दिली. पहिल्या गुरू खालच्या मजल्यावरच्या आजी. मी घाबरून त्यांना वर बोलावलं, फटी दाखवल्या. त्यांनी चष्माही न लावता वरूनच पाहिलं आणि म्हणाल्या, "होल्त्स आर्बाइटेट." म्हणजे लाकूड काम करतंय. फुगणं-आक्रसणं याला ही मंडळी 'काम करणं' म्हणतात. बघ, या देशात लाकडालासुद्धा सुटी नाही.

मग मला खाली नेऊन त्यांनी भिंतीवरचं हवामानघर दाखवलं. लाकडाचं खेळण्यातलं घर, त्याला दोन दारं. एका दारात बाई, एका दारात छत्रीवाला बुवा, दोघं एकाच आडव्या पट्टीच्या दोन टोकांना. पट्टी टांगलेली असते पिळलेल्या आतड्याच्या तातीवर. हवा ओली झाली की तात एकीकडे फिरते आणि बुवा बाहेर येतो, कोरडी झाली की बाई बाहेर येते. म्हणजे पाऊस आला तर बुवा, ऊन पडलं तर बाई. आता गंमत ऐक. बाहेर धो धो पाऊस, आजींच्या खिडकीवर पागोळ्या, आणि ती बाई नटूनथटून दारात उभी! म्हणजे काय, ते घर बिचारं आजींच्या तापवलेल्या बैठकीतली हवा सांगत होतं. "ही ऑक्टोबरात बाहेर येते ती एप्रिलपर्यंत आत जात नाही," आजी म्हणाल्या, "आणि तो आत बसून बिअर पितो." मी हसले, पण वर येऊन पाहते तर आमच्याकडचा बुवाही सोफ्यावरच होता.

दुसरे गुरू लाकडी जमिनी घालणारे कारागीर. नवऱ्याला आजींचा निकाल पुरला नाही, त्याला तज्ज्ञ हवा होता. ते आले गुडघ्यांना जाड पट्टे बांधून. आल्या आल्या जमिनीवर बसले आणि दोन सुयांचं यंत्र काढून फळीत टोचलं, ताप बघावा तसं. ६.८ टक्के. मग बोलायला लागले आणि प्रत्येक वाक्यात 'फूगन'. इथे फूगन, तिथे फूगन. मी म्हटलं, अहो फुगली नाहीये, आक्रसलीय, तेच तर दाखवायला बोलावलंय! अर्थात मनात म्हटलं. नंतर कळलं, 'फूगन' म्हणजे जर्मनमध्ये फटी! विचार कर, आपल्याकडे फुगलं की फट बुजते आणि यांच्याकडे फट पडली की 'फूगन'. माझं जर्मन का सुधारत नाही, असं पुन्हा विचारू नकोस.

त्यांनी आणखी एक सांगितलं, बीचचं लाकूड ओकपेक्षा जास्त फुगतं, जास्त आक्रसतं, म्हणून कारागीर त्याला 'नर्व्होस' म्हणतात, घाबरं लाकूड. हवेत जरा फरक पडला की लगेच अंगावर घेणार. मला नाव न घेता एक व्यक्ती आठवली, परीक्षेच्या आदल्या दिवशी जिला ताप यायचा.

फटी भरून द्या, असं नवरा म्हणाला, तर त्यांनी मान हलवली. आत्ता भरल्या तर जूनमध्ये फळ्या फुगल्यावर भरलेलं सगळं पिचकून वर येणार, आणि अगदीच घट्ट भरलं तर फळ्या एकमेकींना ढकलून मध्येच उचलल्या जाणार. भिंतीच्या कडेला पट्टीखाली बोटभर जागा सोडलेली असते ती याचसाठी, उन्हाळ्यात जमिनीला अंग ताणायला. काही करू नका, थांबा, म्हणाले. काही न करण्याचे पैसे घेतले आणि गेले.

ते दारातून बाहेर पडले तेव्हा मला आमच्या कोकणातल्या घरी येणारे सुतारकाका आठवले. माडीचं दार जुलैत असं फुगायचं की कडी कोयंड्यापर्यंत पोचायची नाही. आई दरवर्षी म्हणायची, तासून द्या हो जरासं. आणि काका दरवर्षी रंधा पिशवीतून न काढता चहा पिऊन सांगायचे, "वैनी, आत्ता तासलं तर दिवाळीत मधून मांजर जाईल." म्हणजे एक म्हणतो पावसाळ्यात तासू नका, दुसरा म्हणतो हिवाळ्यात भरू नका. दोघांचा सल्ला एकच, फक्त ऋतू उलटे. आता तू लगेच यातून नात्यांचं काहीतरी काढशील, दोन माणसांतली फट वगैरे. काढू नकोस. मी दारांबद्दलच बोलतेय.

दारावरून आठवलं. वसतिगृहातलं मधलं न्हाणीघर! दुसऱ्या वर्षाचा पहिला पेपर, बाहेर पुण्याची ती कधी न थांबणारी भुरभुर, आणि तू आत अडकलेली. दार इतकं फुगलेलं की आतून ओढता येईना, बाहेरून आम्ही ढकलत होतो आणि ते आतच उघडायचं हे पाच मिनिटांनी लक्षात आलं, म्हणजे ढकलत होतो ते बरोबरच, पण तू आतून दाराला पाठ लावून रडत बसली होतीस! अजून हसते मी एकटी. रेक्टरबाईंनी खांदा लावला आणि तू बादलीत जाऊन बसलीस.

तुला एक सांगू? गेल्या मे महिन्यात घरी गेले होते. दादाने सगळ्या घराला टाईल्स घातल्यात, माडीच्या फळ्या काढून स्लॅब. दारं फायबरची. छान झालंय, खोटं कशाला बोलू, वाळवीची कटकट गेली, वहिनी सुखात आहे. न्हाणीघराचं दार लोटायला मी सवयीने खांदा लावला आणि थेट आत नळावर जाऊन आपटले. दार एका बोटाने उघडत होतं. कपाळाला टेंगूळ. सगळे हसले, मीही हसले, आणि मग रात्री झोप येईना. त्या घरात आता ऋतू बदलला की वाजेल असं काहीच उरलेलं नाही. म्हणजे बघ, लाकडाबरोबर राहायला मला इतक्या लांब यावं लागलं.

इथे रात्री वाजतं. हीटर मंदावला की कुठेतरी टक्, कधी ठाप्. आणि इथे आता एक कबुली द्यायचीय, जी तीन वर्षं लपवली. तू लग्नात दिलेला शिसवी पोळपाट. पहिल्याच हिवाळ्यात मी तो धुऊन वाळावा म्हणून हीटरवर ठेवला आणि झोपले. रात्री दोनला बंदुकीचा बार निघावा तसा आवाज. नवरा छत्री घेऊन चोराला शोधत स्वयंपाकघरात गेला आणि पोळपाटाचे दोन अर्धचंद्र घेऊन आला. वरून वाळलं, आत ओलं राहिलं, त्या ओढाताणीत तडकला. तुला व्हिडिओवर पोळ्या लाटताना दाखवायचे तेव्हा कॅमेरा जरा वर धरायचे, आठवतं? ओट्यावर लाटत होते.

तिसरे गुरू घरमालक. त्यांचं गुरुत्व सक्तीचं. इथे भाड्याच्या घराच्या करारातच बहुतेक लिहिलेलं असतं की हवा खेळती ठेवा. दिवसातून दोन-तीनदा सगळ्या खिडक्या सताड उघडायच्या, पाच-दहा मिनिटं, की बंद. याला 'श्टोसल्युफ्टन' म्हणतात, धक्का देऊन हवा बदलणं. खिडकी नुसती कलती ठेवून दिवसभर सोडलेली चालत नाही, त्याने भिंत गार पडते आणि गार भिंतीवर ओल धरून बुरशी येते. पहिल्या वर्षी कपाटामागे आलीच. मालकांनी दोन पानी पत्र पाठवलं, त्याचा सारांश एवढाच की तुम्ही फार शिजवता.

म्हणजे बघ माझी गत. मालक म्हणतात खिडक्या उघडा, घर कोरडं करा. कारागीर म्हणतात पन्नाशीच्या आसपास ओल राखा, नाहीतर जमीन फाटेल. आजी म्हणतात काम करू द्या तिला. जी खिडकी भिंत वाचवते तीच जमीन सुकवते. शेवटी मी आर्द्रता दाखवणारा काटा आणला आणि भिंतीवर लावला. जुन्या धर्तीचा, आत माणसाच्या केसासारखी तार असलेला. ही युक्ती १७८३ सालची, जिनिव्हाच्या द सोस्यूर नावाच्या शास्त्रज्ञाने ग्रंथात मांडलेली. ओल्या हवेत केस लांबतो, कोरड्यात आखडतो, त्यावर काटा फिरतो. त्याला तू भेटली असतीस तर यंत्र करायची गरजच पडली नसती, जूनच्या सात तारखेला तुझी वेणी बघितली की झालं.

काटा आल्यापासून घरात आमची सकाळ त्याच्याकडे बघून सुरू होते. एकतीस. तेहतीस. हीटरवर टांगायची चिनीमातीची पाण्याची भांडी आणली, ओले टॉवेल वाळत घातले, फार काही हलेना. मग एका रविवारी मी कुकर लावला, शेजारी कढीला उकळी, मागे चहा, आणि नवरा बैठकीतून ओरडला, "बेचाळीस!" मी म्हटलं काय बेचाळीस, शिट्ट्या का? वरणभाताच्या वाफेने काटा चढत होता. चौघांचं घर शिजवणं, अंघोळी, कपडे आणि नुसता श्वास मिळून दिवसाला दहाएक लिटर पाणी हवेत सोडतं म्हणतात. आम्ही तिघं, पण मी चौघांचं शिजवते. ज्या शिजवण्यावर दोन पानी पत्र आलं त्याच शिजवण्याने त्यांची जमीन वाचतेय, हे मालकांना जर्मनमध्ये कसं सांगायचं ते अजून जुळवतेय. सध्या अशी घडी बसलीय: जेवण झालं की पाच मिनिटं खिडक्या, कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे, आणि साठच्या वर काटा गेला की मी कुकरवर झाकण ठेवून विचार करते.

मागच्या शनिवारी आम्ही ब्रेमरहाफनला गेलो, तिथल्या सागरी संग्रहालयात. तुला ते जहाज दाखवायला हवं होतं गं. ओकचं. साधारण १३८० सालचं व्यापारी जहाज, तेवीस-चोवीस मीटर लांब, पोटाने ढेरपोट्या शेटजीसारखं रुंद. १९६२ साली ब्रेमेनजवळ वेझर नदीचा गाळ काढताना सापडलं. सहाशे वर्षं गाळात चिंब होतं म्हणून टिकलं. बाहेर काढून नुसतं वाळू दिलं असतं तर आक्रसून, वेडंवाकडं होऊन, त्याच्या काटक्या झाल्या असत्या. म्हणून तुकडे पाण्यात ठेवले, सतत फवारा मारत ओल्या हवेतच जहाज जुळवलं, आणि मग त्याच्याभोवती पोलादी टाकी बांधून जवळजवळ दोन दशकं मेणासारख्या एका रसायनाच्या द्रावणात बुडवून ठेवलं, पाण्याची जागा त्या मेणाने घ्यावी म्हणून. लोकांसमोर खुलं झालं २००० साली. त्या जहाजाच्या फळ्यांच्या फटीत शेवाळ ठासलेलं असायचं, वरून लोखंडी आकडे मारून. पाणी लागलं की फळीही फुगायची, शेवाळही फुगायचं, आणि गळती बंद. लेक बराच वेळ त्या फटींकडे बघत होती. मग मोठ्याने म्हणाली, "आई, इथे तीळ नाहीत." रखवालदार काकांना मी काय सांगणार?

तर तिळांचं असं आहे की ते अजून तिथेच आहेत. टाचणीने काही काढले, व्हॅक्यूमने काही ओढले, बाकीचे हट्टाने बसलेत. मे उजाडला की फळ्या जवळ येतील आणि ते आत मिटून जातील. तू जूनमध्ये यायचं म्हणतेस, तिकीट स्वस्त असतं म्हणून. जूनमध्ये येऊ नकोस. तेव्हा जमीन नुसती गुळगुळीत सुंदर दिसते, तुला काही खरं वाटणार नाही, म्हणशील ही नेहमीसारखी वाढवून सांगते. जानेवारीत ये. टाचणी मी देईन, तीळ तू काढ. आणि येताना पोळपाट आण, पण सागाचा आण, शिसवी नको, आणि तुझ्या हाताने तो हीटरपासून लांब ठेव.

तुझीच,
मी

ता. क. : पत्र लिहिता लिहिता पाचला चहा ठेवला होता, तो आटला. काटा अठ्ठेचाळीसवर आहे.